दाराबाहेर बूट पुसणारा

उद्या रस्त्यात एखाद्या पोलिसाने अडवून इलेरला त्याचं नाव विचारलं, तर तो आधी मागे वळून पाहील, हे नक्की कुणाला विचारताहेत म्हणून. ही काळजी ओदेतबाईंना पस्तीस वर्षं पुरून उरली होती. नवरा गेला, शाळेतली नोकरी संपली, गुडघे गेले. काळजी तेवढी जागच्या जागी होती.

तिचा जन्म इलेरच्या शाळेच्या पहिल्याच दिवशी झाला. हजेरी घेताना मास्तरांनी "विदालँक इलेर" असा पुकारा केला, तेव्हा मागच्या बाकावरच्या कुणी वात्रट पोराने "हजर" म्हणून टाकलं आणि वर्ग हसला. इलेर हसला नाही, रडला नाही, उभाही राहिला नाही. शेजारच्या वर्गावर ओदेतबाई स्वतः शिकवत होत्या. मधल्या सुटीत त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"तू का नाही बोललास?"

"कुणीतरी बोललं होतं ना, आई."

सहा वर्षांच्या मुलाचं हे उत्तर ऐकून दुसरी एखादी आई कौतुकाने गहिवरली असती. ओदेतबाई घाबरल्या.

पुढे मुलगा वाढला तो याच हिशेबाने. मोंसेल हे डोंगरातलं गाव. निम्मं वर्ष बर्फ, निम्मं वर्ष गाई, आणि बाराही महिने दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची चौकशी. अशा गावात इलेर भूमापन कचेरीत नकाशे काढायला लागला. कुणाचं कुरण कुठे संपतं आणि कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती वीत घुसलीय, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हद्दीत मात्र लोक खुशाल गुरं सोडत. मिरेई नावाच्या मुलीबरोबर तो दोन वर्षं दर रविवारी नदीकाठी फिरायला जात असे. मग तिचा लांबचा मावसभाऊ लियोंहून मोटारसायकल घेऊन आला आणि तिसऱ्या रविवारी तिला मागे बसवून घेऊन गेला. गाडीत पेट्रोल नव्हतं. ते इलेरने भरून दिलं.

"अरे, निदान पेट्रोल तरी नाही म्हणायचंस!" ओदेतबाई म्हणाल्या होत्या.

"बंद पडली असती वाटेत, आई. घाटात."

आता तो एक्केचाळीस वर्षांचा होता. बंद पडलेल्या बटणांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटा राहत होता आणि रविवारी आईकडे जेवायला येत होता. या सगळ्या पसाऱ्यात एकच जागा अशी होती जिथे तो कुणी होता: गावची हौशी नाटक मंडळी. आणि तिथेही त्याच्या वाट्याला आलं होतं ते असं सोंग, की ओदेतबाईंना कधीकधी वाटे, कुणीतरी मुद्दाम खोडी काढतंय.

मोंसेलची मंडळी दर हिवाळ्यात एकच नाटक करी, राजेशाहीच्या काळातलं जुनं पद्य प्रहसन. देवांचा राजा एका सेनापतीच्या बायकोवर भाळतो. सेनापती लढाईवर गेलेला. तेव्हा हे महाशय त्याचंच रूप घेऊन त्याच्या घरात शिरतात, आणि दारावर पहाऱ्याला आपला निरोप्या देव ठेवतात, तो सेनापतीच्या नोकराचं रूप घेऊन. खरा नोकर घरी येतो तर उंबऱ्यावर आपलंच तोंड उभं! देव त्याला बडवतो, आणि 'तू तू नाहीस, मी तू आहे' हे त्याच्या गळी उतरवतो. शेवटी देवांचा राजा ढगावर चढून जाहीर करतो की झाला प्रकार हा या घराचा मोठाच सन्मान आहे. तीनशे वर्षं अख्खा देश यावर पोट धरून हसत आला. ओदेतबाई तीस वर्षं मुलांना पद्य शिकवत होत्या. त्यांना ओळी आवडत, देव आवडत नसत. देवांना स्वतःचं असं काही नसतंच, त्या म्हणत, म्हणून तर दुसऱ्याचं घालून फिरतात.

नोकराचं काम अकरा वर्षं इलेर करत होता. निरोप्या देवाचं काम डॉक्टर रेजिस फोंबॉन करत. फोंबॉन जनावरांचे डॉक्टर, मंडळींचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि स्वतःच्या मते मोंसेलच्या मातीत चुकून पडलेलं एक रत्न. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला थोडी तरी कल्पनाशक्ती लागते. अडलेली गाय मध्यरात्रीसुद्धा सोडवील, पण सकाळी ती गोष्ट सात जणांना सांगेपर्यंत त्याला कॉफी गोड लागायची नाही.

दोघे एकसारखे दिसावेत म्हणून मंडळींची जुनी रीत होती: दोघांनी एकाच साच्यातलं मेणाचं बाकदार नाक लावायचं, एकच तांबडा टोप, एकच फाटका अंगरखा. फक्त देवाच्या टोपीला सोनेरी गोंडा, म्हणजे प्रेक्षकाला कळावं कोण कोण ते. आणि नाटक संपलं की शेवटच्या मुजऱ्याला दोघांनी पुढे येऊन नाक उपटायचं, तळहातावर धरायचं आणि वाकायचं. मोंसेलमध्ये खऱ्या टाळ्या पडत त्या या क्षणी.

यंदा मंडळींना क्लेरमोंच्या नाट्यमेळाव्याचं बोलावणं आलं, आणि डॉक्टरांच्या डोक्यात आधुनिकता शिरली.

"गोंडा काढून टाका," त्यांनी तालमीत फर्मावलं. "प्रेक्षक म्हणजे काय शेळ्या आहेत? शहरात कळतं लोकांना."

शहरात कळलं नाही. मेळाव्यात एका मंडळीचं संपलं की दहा मिनिटांत रंगमंच मोकळा करायचा होता. दार, उंबरा, खांब, ढग, सगळं उचलायचं, आणि उचलायचं म्हटल्यावर इलेर. पडदा पुन्हा उघडला तेव्हा तो विंगेत ढगाखाली होता. पुढे एकटे फोंबॉन गेले, एकट्यांनी नाक उपटलं आणि दोघांच्या टाळ्या घेऊन आले. खाली परीक्षकांतल्या तेसिए नावाच्या बाई, ज्यांची स्वतःची धंदेवाईक फिरती कंपनी आहे, धावत रंगमंचाशी आल्या. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "ती बंद दारासमोरची शांतता! ते बूट पुसणं! कुठून सुचलं हो तुम्हाला?"

आणि डॉक्टर म्हणाले, "मेहनत आहे, मादाम. दुसरं काय."

हे शब्द न् शब्द ऐकलं उर्स्यूलने. उर्स्यूल टपाल खात्यातून निवृत्त झालेली, ओदेतबाईंची मैत्रीण आणि मंडळींची प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या काठाशी आपल्या खोक्यात बसून ती वही मिटत होती.

बूट पुसण्याचं असं होतं. मार खाऊन नोकर बंद दारासमोर एकटा उरतो. संहितेत तिथे दोन विनोदी ओळी आहेत. इलेर त्या लगेच म्हणत नसे. तो टोपी सारखी करी, मग पायपुसण्यावर बूट पुसायला लागे, आधी उजवा, मग डावा, टाच, कड, अगदी नीट, जसा घरचा माणूस घरात शिरण्याआधी पुसतो. आत कुणी घेणार नाही हे त्याला कळलेलं असे. लोक हसायला लागत आणि मध्येच थांबत. मग तो त्या दोन ओळी म्हणे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ओदेतबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मध्यंतराआधीच उठून बाहेर थंडीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, डॉक्टरांच्या नावाने. उन्हाळ्यातला दोन महिन्यांचा दौरा, बारा गावं, रीतसर करार. नोकराची भूमिका, कारण 'बंद दारासमोर बूट पुसणारा तो माणूस आम्ही विसरू शकत नाही.' करारासाठी मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला क्लेरमोंला यावं. फोंबॉननी ते पत्र तालमीत मोठ्याने वाचून दाखवलं. बुटांसकट. एक शब्द गाळला नाही. मग ते सभागृहाच्या फळ्यावर चार टाचण्यांनी टोचलं. लाज झाकायला माणसाला ती आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळ्या इलेरच्या.

"तू टाळ्या वाजवल्यास?" रविवारी सुपाचा डाव हातात तसाच धरून ओदेतबाईंनी विचारलं.

"सगळे वाजवत होते, आई."

"सगळ्यांचं काही गेलं नव्हतं."

"चूक त्या बाईंची झाली. डॉक्टरांनी काही मागितलं नाही."

"नाही कसं! उंबऱ्यावर उभा राहिलेला देवसुद्धा काही मागत नाही. नुसता उभा राहतो. तुला जायचंय की नाही त्या दौऱ्यावर, एवढं सांग."

इलेर पावाचा तुकडा सुपात बुडवत राहिला. "कोबी छान झालाय," तो म्हणाला.

ओदेतबाईंनी जेवण उरकलं आणि तडक उर्स्यूलचं घर गाठलं.

"तू ऐकलंस आणि गप्प बसलीस?"

"अगं, मी प्रॉम्प्टर आहे. कुणी विसरलं की आठवण करून द्यायची, एवढंच माझं काम."

"विसरलाच होता की तो मेला! आपण कोण ते."

उर्स्यूलने पायाशी पसरलेल्या चौदा वर्षांच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. "याची मूत्रपिंडं कोण बघतं? दर पंधरा दिवसांनी सुई. दुसरा जनावरांचा डॉक्टर चाळीस किलोमीटरवर. सगळ्या गावाच्या गाई त्याच्या हातात आहेत, ओदेत. तुझ्याकडे साधं मांजरही नाही, तुला बोलायला काय होतंय."

"म्हणजे अख्खं गाव एका सुईला भिऊन आंधळं झालं."

"आंधळं कुठे? सगळ्यांना दिसतंय. म्हणून तर कुणी तुझ्या इलेरच्या तोंडाकडे बघत नाही." उर्स्यूल थोडी घुटमळली. "आणि खरं सांगू? तू चिडशील. तो जातो त्यांच्याकडे. शनिवारी दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर."

"कशाला?"

"शिकवायला. डॉक्टरांना ते बूट पुसणं जमत नाहीये."

ओदेतबाईंना आधी हसू आलं. मग जे आलं त्याला नाव देणं कठीण होतं. आयत्या बिळात नागोबा शिरलेला त्यांनी पुष्कळदा पाहिला होता. नागोबाला बीळ नीट कसं वापरायचं हे दाखवायला आपण होऊन जाणारा उंदीर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही पोटचा.

पुढच्या शनिवारी त्या उर्स्यूलच्या कुत्र्याचं औषध आणायचं निमित्त करून दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतलं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कुणा पुरुषाचा आवाज येत होता, ठाम, न वाढवलेला, असा की वर्गावर तीस वर्षं काढलेल्या बाईनेही क्षणभर ताठ बसावं.

"नाही. पुन्हा."

कुणी मोठा नट बोलावलाय की काय, असं त्यांना वाटलं. दौऱ्यासाठी, क्लेरमोंहून. त्या फटीपाशी गेल्या.

आवाज इलेरचा होता.

खोलीच्या मध्यभागी पायपुसणं टाकलं होतं. त्यावर डॉक्टर फोंबॉन उभे होते आणि बूट घासत होते. घासत कसले, खरवडत होते.

"तुम्ही शेण काढताय, डॉक्टर," इलेर म्हणाला. तो खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून उभा होता. "याला शेण काढायचं नाही. याला आत जायचंय."

"पण दार तर बंद आहे!"

"हो. म्हणून."

"म्हणून काय? तू नीट सांगत नाहीस, इलेर. याच्या मनात नेमकं काय चाललंय?"

"याला वाटतंय, आपण नीट पुसले तर कदाचित उघडतील."

डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, उजवा, डावा. गाभण गाय तपासताना त्यांच्या हाताला जी समज होती ती पायात एक कणही उतरली नव्हती. शेवटी ते प्रेक्षकांकडे, म्हणजे औषधांच्या कपाटाकडे पाहून करुण हसले.

"हसू नका," इलेर म्हणाला. "पुन्हा."

आणि मोंसेलचा देव शाळकरी पोरासारखा पुन्हा पायपुसण्यावर चढला.

ओदेतबाईंनी हे पुरतं पाहिलं. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी आपल्या मुलाला कुणालाही 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं, आणि तो ते इतकं सहज म्हणत होता, जणू जन्मभर तेच म्हणत आलाय. अभिमानाने ऊर भरून येण्याची ही जागा होती. तो भरून आलाही असता, पण मग इलेरने कोट घातला, डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझ्यात गुण आहे हं, शिकवायचा," आणि इलेर म्हणाला, "आभारी आहे, डॉक्टर."

ओदेतबाई दार लोटून आत गेल्या.

"अरे, बाई तुम्ही!" फोंबॉन मनापासून खूश झाले. "पाहिलंत का? तुमचा मुलगा मला फार मदत करतोय."

"पाहिलं. तुम्हाला येत नाही."

"येईल, येईल. अजून तीन दिवस आहेत."

"गाईचं रूप घ्या, डॉक्टर. सवयीचं आहे, लवकर जमेल." आणि मुलाकडे वळून, "चल."

चर्चच्या कोपऱ्यावर इलेर म्हणाला, "त्यांना जमणार नाही, आई. तिथे गेल्यावर लोकांना कळेल."

"काय कळेल?"

"हेच. की ते नव्हते."

"असं? तिथे कळेल की फोंबॉन भिकार नट आहे. त्यात तू चांगला आहेस हे कुठे लिहिलेलं असेल? त्याच्या कपाळावर? ते त्याला परत पाठवतील आणि दुसरा कुणी घेतील. ही तुझी युक्ती? शत्रूला तरबेज करून हरवायची?"

"शत्रू नाहीत ते."

"मग कशाला शिकवतोस?"

तो थांबला. "कुणीतरी ते नीट करायला पाहिजे," तो म्हणाला. "वाईट केलेलं मला बघवत नाही."

ओदेतबाई चिडल्या. समोरच सभागृह होतं. त्या आत शिरल्या, फळ्यापाशी गेल्या आणि चष्मा लावून पत्राच्या तळाशी तेसिएबाईंनी हाताने लिहिलेला फोन नंबर पिशवीतल्या वाण्याच्या कागदावर उतरवू लागल्या. इलेर दारात उभा राहिला.

"तू यात पडू नयेस असं मला वाटतं," तो म्हणाला.

"वाटू दे."

"पण तू फोन केलास तर मी अडवणार नाही."

"वा! सोन्याच्या चौकटीत लावावं असं वाक्य आहे. सैन्यात असतास तर पदक मिळालं असतं, माघार घेण्याचं."

त्याने ऐकून घेतलं. नेहमीच घ्यायचा. मग जवळ येऊन त्यांच्या खांद्यावरून कागदाकडे पाहत म्हणाला, "शेवटून दुसरा सात नाही, एक आहे. त्या लांब काढतात एकाची शेंडी."

ओदेतबाईंचं पेन थांबलं. इलेरची नजर वाण्याच्या कागदावरच होती. फळ्यावरच्या पत्राकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

"तू लावून पाहिलास?"

"दोनदा. सातने लागतो तो कुणा कोळसेवाल्याचा."

"आणि एकने?"

"उचलला कुणीतरी." इलेरने कोटाची बटणं लावली. "मी ठेवून दिला."

रविवारी तो जेवायला आला. बटाटे, चीज, बर्फ वितळायला लागलंय याची चर्चा. फोनचं नाव कुणी काढलं नाही. जाताना त्याने ताटं धुतली आणि फडकं पिळून सरळ वाळत घातलं, चारी कोपरे जुळवून.

सोमवारी सकाळी ओदेतबाई कॉफीचा वाडगा घेऊन फोनशेजारी बसल्या. तीस वर्षं त्यांनी आयांना बजावलं होतं, मुलांच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका, चुकू दे, अडू दे, त्यांची वाचा त्यांनाच फुटली पाहिजे. चांगलं तत्त्व होतं. त्यावर त्यांनी एकदा शिक्षकांच्या सभेत भाषणही केलं होतं. आज त्या तत्त्वाकडे पाहताना त्यांना ते गोंडा काढलेल्या टोपीसारखं वाटलं, समजूतदार लोकांसाठी केलेलं, आणि म्हणून बिनकामाचं. फोंबॉनला तत्त्व नव्हतं. उद्या सकाळी तो सातच्या गाडीने जाणार होता आणि सही करणार होता. तत्त्व पाळणाऱ्यांच्या घरात देव असेच शिरतात. मुलगा सरळ उभा राहायला शिकला नाही, यात आपला किती हात आहे, हा प्रश्नही त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर पुष्कळ लांब निघालं असतं आणि कचेऱ्या नऊला उघडत होत्या.

काय बोलायचं हे त्यांनी ठरवून टाकलं. आपण आई आहोत हे आधीच सांगायचं, म्हणजे बाई आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, ठेवूही नये. एवढंच म्हणायचं: उद्या एकाला बोलावलंय, त्याऐवजी दोघांना बोलवा. एक बंद दार ठेवा, एक पायपुसणं टाका, आणि बघा. मग इलेर गेला नाही तर तो त्याचा गाढवपणा. पण बोलावणं तरी त्याच्या हातात असेल.

तो रागावेल का? रागावला तर बरंच होईल. निदान एकदा तरी.

त्यांनी चष्मा पुसला, वाण्याचा कागद मांडीवर सपाट केला आणि फोन जवळ ओढला.